बाबांसमोर दातखीळ

“अरे मेल्या, माझ्यासमोर पोपटासारखा बोलतोस आणि बाबांसमोर नेलं की दातखीळ बसते होय रे तुझी?”

समोरच्या खुर्चीतला तरुण दचकला. भाड्याने टेबल घेऊन आपापलं काम करत बसायच्या त्या कार्यालयात तो आजच आला होता. कॉफीचा कप ओठांपाशी तसाच धरून म्हणाला, “मी… तुमच्या बाबांना अजून भेटलोच नाही.”

ती कानांपर्यंत लाल झाली. “तुम्हाला नाही हो! या ॲपला.”

“अरेरे,” तो म्हणाला, “मला वाटलं, ओळख जरा लवकरच वाढली.”

तिला हसू फुटलं – कितीतरी दिवसांनी. घशाच्या शस्त्रक्रियेत बाबांचा आवाज गेला होता. जन्मभर वर्गात गरजलेला तो मास्तर आता दुकानात बोट दाखवून वस्तू मागायचा आणि भलतंच काहीतरी घेऊन घरी यायचा. त्यांनी टाइप केलेलं मोठ्याने बोलून दाखवेल असं ॲप लेक बनवत होती. तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर, पडद्यावरच्या नकली फोनमध्ये ते खणखणीत बोले. बाबांच्या खऱ्या फोनवर मात्र उघडताक्षणी बंद! बाबा दर वेळी आशेने फोन हातात घ्यायचे, आणि मग तिच्याच डोक्यावरून हात फिरवायचे. तो हात तिला सोसवत नव्हता.

“बघू?” तो खुर्ची ओढून शेजारी आला. त्याचंही पोट ॲपवरच चालायचं. “आवाजाची लायब्ररी, म्हणजे ॲपला बोलायला लावणारा तयार कोड, कुठे बांधलीत?”

“इथेच. लॅपटॉपवर.”

“लॅपटॉपवर बांधलीत ते ठीक. पण लॅपटॉपसाठीच बांधलीत! नकली फोन याच्याच पोटात बसलेला, त्याला चालणारच. खऱ्या फोनचा प्रोसेसर निराळा. बसायचं इथे, पण बांधायचं त्याच्यासाठी.”

“म्हणजे स्वतःच्या मापाचा सदरा शिवला आणि बाबांना घातला?”

“आणि वर बटणं लागत नाहीत म्हणून शिव्या सदऱ्याला!”

ऐकायला सोपं, पण करताना नाकी नऊ आले. फोनच्या मापाने कोड बांधून देणारा कंपायलर आणला, तर लायब्ररीला तो पटेना. पटला, तर बाबांचा फोन इतका जुना निघाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागलं. या भानगडीत ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंच नाही. एक एरर गेला की तो टाळीसाठी हात पुढे करायचा… आणि हात मागे घ्यायची घाई दोघांनाही नसायची.

“हे सुटलं की तू तुझ्या खुर्चीत परत जाणार?” तिने पडद्याकडे बघतच विचारलं.

“सुटूच नये असं वाटतं कधी कधी. पण बाबा वाट बघतायत ना…” तो थांबला. “झालं की मी घरी येईन. त्यांना सगळंच सांगतो.”

“सगळं म्हणजे?”

“ते तिथेच कळेल.”

रविवारी तो आला. बाबांनी टाइप केलं, बटण दाबलं, आणि फोन बोलला – “बस रे बाळा.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी लहान मुलासारखं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबलं, आणि तो बिचारा दर वेळी उठून पुन्हा बसला.

मग त्याची पाळी आली. वाटेत पाठ केलेलं सारं बोलणं पार पळून गेलं. तो नुसताच चहाच्या बशीकडे बघत राहिला. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. फोन म्हणाला, “दातखीळ बसली असेल तर माझा आवाज घे.” आणि त्यांनी तो त्याच्यापुढे सरकवला.

त्याने लिहिलं. तोच सपाट आवाज म्हणाला, “तुमची मुलगी मला फार आवडते. तिला विचारायचं राहिलंय.”

तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “फोनवर चाललं. आता तोंडाने म्हण.”

“तू… मला फार आवडतेस.”

“मलाही तू. कधीपासून वाट बघतेय, शहाण्या!”

बाबा टेबलावर बोटं वाजवत होते. त्यांनाही बोलायचं होतं, आणि त्यांचा आवाज लेकीच्या मुठीत होता. तिने जीभ चावत फोन परत दिला.

त्यांनी सावकाश टाइप केलं. “तू याला दार उघडलंस तेव्हाच मला कळलं. मुका झालोय, आंधळा नाही.”