स्टॅनेकचं हिरवं मत

सव्वासातच्या सुमाराला रखवालदाराला ओरव्हिल स्टॅनेक सापडला, तेव्हा वरच्या दालनात विजयाच्या भाषणांना अजून टाळ्या वाजत होत्या.

विधिमंडळाच्या मागच्या जिन्यानं तळघरात उतरताना शेवटचं वळण लागतं. तिथे हा म्हातारा आमदार पडला होता. मान भलतीकडे वळलेली, चष्म्याची एक काच फुटलेली. बाजूनेच वाफेचे गरम पाइप जात होते. बाहेर बर्फ पडत होता, पण त्या कोपऱ्यात भट्टीसारखी धग होती.

राज्य पोलिसांच्या लेफ्टनंट नोरीन हाल्वरसन पोचल्या तेव्हा साडेसात वाजून गेले होते. त्यांनी आधी जिना पाहिला, मग माणूस. कठड्याला कपाळ आपटल्याची खूण होती, आणि कोटाच्या छातीवरची दोन बटणं तुटली होती. पाय घसरून पडणाऱ्या माणसाची बटणं तुटत नाहीत. कुणीतरी धरून ढकललं होतं.

"कधी गेले?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"या पाइपांनी माझी पंचाईत केलीय. पाच ते सात. याहून नेमकं मला विचारू नका."

पण नेमकी वेळ सांगायला दुसरा साक्षीदार होता. सहा वाजता शाळांच्या अनुदानात कपात करणारं विधेयक मताला टाकलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या फलकावर स्टॅनेकच्या नावापुढे होकाराचा हिरवा दिवा लागला होता, तो सगळ्या सभागृहानं पाहिला होता. त्या एका मतावर विधेयक पास झालं. म्हणजे सहा वाजता माणूस जिवंत होता.

आणि सातच्या सुमाराला त्याच मागच्या जिन्यापाशी ओल्या बुटांनिशी एक जण दिसला होता. विरोधी पक्षाचा क्लेटन पेटिफर्ड.

नोरीननी त्याला ठाण्यावर आणलं. हा शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून वर्षानुवर्षं निवडून येणारा आमदार, अंगाने थोराड, बोलायला सावकाश. त्याची बायको व्हर्ना दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून तो त्या दिवशी मतदानाला आलाच नव्हता.

"मग सात वाजता तिथे काय करत होतात?"

"ओरव्हिलला जाब विचारायला गेलो होतो."

"कसला?"

पेटिफर्डनं तोंडावरून हात फिरवला. "तुम्हाला 'जोडी' माहीत आहे का, बाई? आता कुणालाच माहीत नसते. एका बाजूचा माणूस आजारपणात अडकला, की दुसऱ्या बाजूचा एक जण त्याला शब्द देतो, की तू नाहीस तर मीही मत देणार नाही. हिशेब बरोबरीत राहतो. ज्यानं शब्द दिला तो मतदानाआधी उभा राहून सगळ्यांसमोर तसं सांगतो. कागद नाही, सही नाही. ओरव्हिल त्यांच्या पक्षाचा, विधेयकही त्याला मान्य होतं. तरी तो परवा दवाखान्यात आला आणि म्हणाला, तू व्हर्नापाशी बस, मी तुझ्याशी जोडी लावतो."

"आणि तरी त्यांनी मत दिलं."

"दवाखान्यातल्या टीव्हीवर निकाल ऐकला. तीस वर्षांची दोस्ती. मी तडक गाडी काढली. पुढे कॅमेरे होते म्हणून मागच्या दारानं शिरलो, वर गेलो, तो कुठे दिसला नाही. खाली तळघराकडे मी पाहिलंच नाही."

"तुम्ही रागात होतात?"

"खूप," पेटिफर्ड म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही, आणि तेच त्याला महागात पडलं.

कारण तोवर सभापती वेड क्रँडल टीव्हीसमोर उभा राहिला होता.

या क्रँडलबद्दल सांगायलाच हवं. माणूस हुशार, आणि भांडणावर पोसलेला. तो यायच्या आधी या सभागृहात दिवसा हमरीतुमरी व्हायची आणि संध्याकाळी तीच माणसं एका टेबलावर पत्ते कुटायची. क्रँडलनं आधी पत्ते बंद केले. नव्या आमदारांना तो कॅसेटी वाटायचा, गाडीत लावून पाठ करायच्या. विरोधकाला काय काय म्हणायचं त्याची उजळणी असायची त्यात: चोर, सडका, देशाचा वैरी. त्यांच्याबरोबर जेवताना दिसलात तर पुढच्या निवडणुकीत तिकीट विसरा. लोकांना हे आवडलं. तो जिंकत गेला, आणि दुसऱ्या राज्यांतले लोक त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. मला विचाराल तर या इमारतीत विष आलं ते या एका माणसाच्या हातून.

त्या रात्री तो म्हणाला, की ओरव्हिल स्टॅनेकनं पक्षाची साथ दिली आणि त्याची किंमत जिवानं मोजली. विरोधकांचं खरं रूप आता सगळ्यांनी बघावं. पेटिफर्डचं नाव त्यानं दोनदा घेतलं. सकाळपर्यंत नोरीनच्या वरिष्ठांना इतके फोन आले होते, की त्यांनी साफ सांगितलं, त्या माणसाला सोडायचं नाही.

दवाखान्यातूनही फोन आला. नर्स म्हणत होती, व्हर्नाबाई नवऱ्याला विचारताहेत आणि आता फार वेळ उरलेला नाही. नोरीननी एक हवालदार सोबत देऊन त्याला तासभर तरी पाठवायची परवानगी मागितली. वरिष्ठांनी बाहेरच्या कॅमेऱ्यांकडे बोट दाखवलं.

मग बाईंनी ठरवलं, दुपारच्या आत हे सोडवायचं.

पहिली गाठ त्यांनी सभागृहाच्या सचिवांची घेतली. कोरडा, नेमका माणूस. मतदानाच्या आधी काही वेगळं घडलं का, असं त्यांनी विचारलं. सचिव म्हणाले, वेगळं असं नाही. स्टॅनेकसाहेबांनी दुपारी माझ्याकडे दोन मिनिटं मागितली होती, मतदानाआधी बोलायला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बोलणाऱ्यांची नावं माझ्या टेबलावर असतात, येता-जाता कुणीही बघतं. वेळ झाल्यावर मी त्यांचं नाव दोनदा पुकारलं. उत्तर आलं नाही, म्हणून मतदान सुरू केलं.

"दोनदा पुकारलंत. मोठ्यानं?"

"ध्वनिक्षेपकावरून."

"आणि मग त्यांचा हिरवा दिवा लागला."

"मतदान बंद व्हायच्या जरासा आधी. उशिरा येतात लोक. कॉफीला गेलेल्या शेजाऱ्याचं बटण शेजारी दाबतो, असंही होतं. नियमात बसत नाही, पण सगळे करतात."

स्टॅनेकच्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क बाई बसत. त्या म्हणाल्या, मी आपलं मत दिलं आणि सिगारेट ओढायला बाहेर गेले, तोवर शेजारची खुर्ची रिकामीच होती. परत आले तेव्हा ट्रेंट गिलफॉइल तिच्यामागे वाकून उभा होता.

ट्रेंट गिलफॉइल हा पक्षाचा प्रतोद. आपल्या आमदारांना वेळेवर आणायचं आणि हवं तसं मत द्यायला लावायचं, हे त्याचं काम. तिशीतला, क्रँडलच्या कॅसेटींवर वाढलेला. गुरूसारखा टाय बांधायचा, गुरूसारखंच हनुवटी वर करून बोलायचा. नोरीननी त्याला सभापतींच्या दालनाबाहेर गाठलं.

"शेजारच्या बाईंनी तुम्हाला स्टॅनेकच्या खुर्चीमागे पाहिलं."

"होतोच मी तिथे. ओरव्हिलशी बोलत होतो."

"कधीपासून?"

"मतदान सुरू व्हायच्या आधीपासून. म्हातारा जागेवर बसला होता. माझ्यासमोर त्यानं हिरवं बटण दाबलं, म्हणाला, जिंकलो आपण. मग उठून गेला. मी पुढे सभापतींबरोबर कॅमेऱ्यांसमोर होतो, ते सगळ्या राज्यानं पाहिलंय."

"शेजारच्या बाई म्हणतात खुर्ची रिकामी होती."

"त्यांचं लक्ष सिगारेटकडे."

"स्टॅनेक काही वेगळं करणार होते का? बोलणार होते?"

गिलफॉइलनं टायची गाठ नीट केली. "मला काही म्हणाला नाही."

नोरीननी मान हलवली. त्यांनी शेवटचं एकच विचारलं, पेटिफर्डच्या बायकोबद्दलचं ते पत्रक कुणी काढलं होतं? महिनाभरापूर्वी पेटिफर्डच्या मतदारसंघात घरोघरी एक पत्रक पडलं होतं. व्हर्नाचं आजारपण सोंग आहे आणि ती सरकारी खर्चानं खाट अडवून बसलीय, असं त्यात लिहिलं होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं, की पक्षाच्या बैठकीत स्टॅनेकनं ते फाडून टाकलं होतं आणि तो म्हणाला होता, ज्यानं हे केलं त्याचं नाव मी शोधून काढेन.

"मला कल्पना नाही," गिलफॉइल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दुपारी नोरीन सभापतींच्या दालनात गेल्या. गिलफॉइल तिथेच होता. क्रँडल खुर्चीतून उठला नाही.

"अटक केलीत का पेटिफर्डला?"

"त्याआधी तुम्हाला एक विचारायचंय. स्टॅनेक मत देणार नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं?"

गिलफॉइलनं चमकून गुरूकडे पाहिलं. ती नजर नोरीननी टिपली.

क्रँडलनं हातातलं पेन खाली ठेवलं. "काल जेवणाच्या सुट्टीत सांगायला आला होता. पेटिफर्डशी जोडी लावलीय म्हणे. मी त्याला जे सुनवायचं ते सुनवलं. शत्रूला दिलेला शब्द हा काय शब्द असतो? तो वाकेल अशा हिशेबानं मतदान पुढे ढकललं नाही. हिरवा दिवा लागला, तेव्हा मला वाटलं, म्हातारा एकदाचा वाकला."

"तुमच्या प्रतोदाला हे का नाही सांगितलंत?"

"कुणालाच नाही सांगितलं. एक जण मला नाही म्हणू शकतो हे कळलं, की दहा जणांना कंठ फुटतो."

"तिथेच स्टॅनेकचा जीव गेला," नोरीन म्हणाल्या.

त्या गिलफॉइलकडे वळल्या.

"ज्यानं जोडी लावलीय, तो मतदानाआधी उभा राहून तसं सांगतो. स्टॅनेकनी दोन मिनिटं मागितली होती ती त्यासाठी. ते सभागृहात असते तर नाव पुकारल्यावर उभे राहिले असते. सचिवांनी दोनदा पुकारलं. तुम्ही म्हणता, तेव्हा ते खुर्चीत बसून तुमच्याशी गप्पा मारत होते. ध्वनिक्षेपकावरून हाक आली आणि तुम्हा दोघांपैकी एकालाही ऐकू आली नाही? ती हाक तुम्ही ऐकलीच नाहीत, कारण तुम्ही तेव्हा जिन्यात होतात. नाहीतर हे खोटं तुम्ही रचलं नसतं."

"हे काहीही आहे," गिलफॉइल क्रँडलला म्हणाला. क्रँडलनं समोरचे कागद सरळ केले.

"बटण स्टॅनेकनी दाबलं नाही. तीस वर्षांत त्यांनी एकदाही जोडी मोडलेली नाही, हे कुठलाही जुना आमदार सांगेल. ते दाबलं अशा माणसानं, ज्याला जोडी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, स्टॅनेक पक्षाचा, विधेयकाच्या बाजूचा, हिरवाच दिवा लावणार. तो लागला की सहा वाजता माणूस जिवंत होता असं ठरतं. आणि सहानंतर तुम्ही कॅमेऱ्यांसमोर. पेटिफर्ड आयताच सापडला, ते तुमचं नशीब."

"मी त्याला कशाला मारीन?"

"सचिवांच्या टेबलावर तुम्ही त्यांचं नाव वाचलंत. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला पत्रकवाल्याचा पत्ता लागला आणि आता तो भर सभागृहात तुमचं नाव घेणार. माणूस मतदानाआधी दोन मिनिटं मागतो ती विरोधकाच्या आजारी बायकोसाठी, हे तुमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तुम्हाला ते कुणी शिकवलंच नाही. जिन्यात ते काय म्हणाले?"

मग गिलफॉइल टेबलाकडे बघत म्हणाला, "मी म्हटलं, बोलू नकोस. तो म्हणाला, मला बोलावंच लागेल. मी म्हटलं, माझा सत्यानाश होईल. तो हसला. म्हणाला, पोरा, तुझा याच्याशी काय संबंध? मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याची कॉलर धरली."

त्यानं वर पाहिलं, पण नोरीनकडे नाही. "तुम्ही मला सांगायला हवं होतं, साहेब."

क्रँडल उठला आणि खिडकीशी गेला. त्यानं शिष्याकडे पाहिलंच नाही. "लेफ्टनंट," तो म्हणाला, "ते मत आता रद्द धरलं जाईल ना? मग मला पुढच्या आठवड्यात पुन्हा मतदान घ्यावं लागेल."

गिलफॉइलला बेड्या घालून पुढच्या दारानं नेलं. संध्याकाळी क्रँडलनं टीव्हीवर सांगितलं, की एक तरुण वाट चुकला आणि याला विरोधकांनी तापवलेलं वातावरण जबाबदार आहे. लोकांनी तेही मानलं. पुढे तो राजधानीत, देशाच्या सभागृहात गेला. असो.

नोरीननी पेटिफर्डला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी दिवा लावला, भोंगाही वाजवला. खोलीच्या दाराशी नर्स उभी होती, आणि तिच्याकडे बघूनच दोघांना कळलं. तासाभरापूर्वी, ती म्हणाली. त्या वेळी नोरीन सभापतींच्या दालनात होत्या.

पेटिफर्ड खाटेपाशी बसला. नोरीन आपला काही उपयोग नाही हे कळूनही तिथेच थांबल्या. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की ओरव्हिलनं मत दिलं नव्हतं. शब्द पाळायला निघाला असतानाच तो गेला.

पेटिफर्डनं व्हर्नाचा हात हातात घेतला होता. तो बराच वेळ सोडला नाही.

"काल टीव्हीवर निकाल लागला," तो म्हणाला, "तेव्हा मी म्हटलं, ओरव्हिल विकला गेला. ती म्हणाली, ओरव्हिल असं करणार नाही, त्याला काहीतरी झालंय, जा आणि बघ. मी तिच्यावर ओरडलो. तीस वर्षं त्याला जेवू घातलंस म्हणून तुला दिसत नाही, म्हटलं. आणि दार आपटून निघालो."

नोरीननी मागचं दार हलकेच लोटलं.

"तिचं बरोबर होतं," पेटिफर्ड म्हणाला. "एवढंच तिला सांगायचं राहिलं."