मागे झुकलेला काटा

खारवेलीत सकाळी चहा उकळायच्या आत लोक मोबाइलवर काटा बघत. पूर्वी भरती-ओहोटीची वेळ बघत, तसंच. गावाच्या ग्रुपच्या नावाशेजारी एक छोटी तबकडी होती. गाव ग्रुपवर मागच्या दिवसांबद्दल बोलत असलं की तिच्यातला काटा डावीकडे जाई, पुढच्या दिवसांबद्दल बोलत असलं की उजवीकडे. खाली एकाच शब्दात गावाचं मन लिहून येई: उत्साह, धास्ती, राग, दुःख. या यंत्रणेचं नाव काळकल. खारवेलीच्या काट्याला मात्र लकवाच भरला होता म्हणा ना. महिनोन्महिने तो डावीकडे पंच्याऐंशीवर अडून होता आणि खाली शब्द एकच, दुःख.

गंमत अशी की काळकल बनवली होती खारवेलीच्याच पोरीनं, प्रज्वला घरतनं. वेशीवर तिच्या फोटोचा फलक होता. उन्हानं रंग उडाला की गावचं बांध-मंडळ नवा लावायचं. आमची प्रज्वला, असं सांगताना गावाची छाती फुगायची, आणि का फुगू नये? लाखो लोकांचं ऑनलाइन बोलणं तपासून तिनं दाखवून दिलं होतं की सतत मागचं काढणाऱ्यांची भाषा खिन्न होत जाते. पुढचं बोलणाऱ्यांच्या भाषेत भीती असते, पण उमेदही असते. ज्या गावाचा काटा डावीकडे अडकतो, ते पाचेक वर्षांत आपणहून ओस पडतं, असाही तिचा निष्कर्ष होता.

पुढे समुद्र चढू लागला. किनाऱ्यावरची कुठली गावं बांध घालून राखायची आणि कुठली आत हलवायची, हे ठरवायला स्थलांतर समिती नेमली गेली, आणि समितीनं हाच काटा हाताशी धरला. जिथं लोकांनाच राहायची उमेद नाही तिथं बांध कशाला, असा सरळ हिशेब. अकरा गावं हलली. बारावं नाव खारवेलीचं होतं आणि सुनावणी अमावास्येनंतर दोन दिवसांनी होती.

म्हणून प्रज्वला दहा दिवस आधीच घरी आली. घरी चांगुणाआत्या, तिला वाढवणारी. सदुसष्ट वर्षांची, अंगानं काटक, आणि तीस वर्षं गावच्या बांध-मंडळाची प्रमुख. प्रज्वलानं सगळ्यांना देवळात जमवून बजावलं की सुनावणीपर्यंत ग्रुपवर जुनं काही लिहायचं नाही. शाळा, सौरपंप, कोळंबीची तळी, पुढं काय करणार तेच लिहा. ही लबाडी नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. भाषा बदलली की मन बदलतं, हे तिच्याच शोधनिबंधात होतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग अमावास्येचं कसं गो?"

अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. त्याच्या आदल्या दिवशी, बांध पूर्वी कुठं फुटला होता ते सांगायची खारवेलीत रीत होती. बांध फुटला की तिथं खांड गेली म्हणायचं. कुठल्या साली गेली, कुठल्या जागी, कोण कोण धावलं होतं, हे पूर्वी देवळाच्या पारावर सांगत. आता ग्रुपवर लिहीत. एक अमावास्या चुकली तर काही बिघडत नाही, असं प्रज्वला म्हणाली. शिकलेल्या पोरीपुढं कोण बोलणार?

काटा हलला. चौथ्या दिवशी मधोमध आला, सातव्या दिवशी उजवीकडे सत्तरावर. खालचा शब्दही बदलला, पण तो निघाला धास्ती. पिढ्यानपिढ्या एका चिखलात राबलेलं गाव आठवड्याभरात एकमेकांवर डाफरू लागलं. जे कोळंबीचं तळं अजून खणलंच नव्हतं, त्याच्या वाटणीवरून दोघा सख्ख्या भावांनी ग्रुप सोडला. एका बाईनं लिहिलं, आणखी वीस वर्षांनी खारवेली असेल का?

अमावास्या उजाडली. भरती दुपारी बारा चाळीसला पूर्ण व्हायची होती. साडेदहाच्या सुमारास गवत कापायला गेलेल्या एका बाईला उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, बांधाच्या आतल्या अंगाला पाणी बुडबुडताना दिसलं. तिनं फोटो टाकला आणि खाली विचारलं, आता काय होणार? झालं. चाळीस निरोप धडाधड आले. समितीला कळवा. भात बुडालं तर भरपाई कोण देणार? हे बघून नाव कायमचंच यादीत जाईल. प्रज्वलासुद्धा अंगणात उभी राहून एकेक निरोप वाचत होती. जागचं कुणी हललं नाही.

आत्यानं तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि तोंडाजवळ धरून ग्रुपवर बोलली.

"ब्याण्णव साली हितंच खांड गेलती. चिंबोऱ्यांनी बिळं केलती. हरिश्चंद्राच्या बापानं खुंट धरला, ठाकूरांच्या बायांनी पेंढा आनला. बावीस जन होतो. भरतीच्या आत बांधली."

एवढं बोलून तिनं मोबाइल परत दिला, घमेलं उचललं आणि चालू लागली.

प्रज्वला मागोमाग पळाली. बांधावर पोचते तो लोक आधीच येऊ लागलेले. हरिश्चंद्राचा नातू खांद्यावर खुंट घेऊन आला आणि थेट पाण्यात उतरून आपल्या पणजोबाच्या जागी उभा राहिला. ठाकूरांच्या सुना पेंढ्याचे भारे घेऊन आल्या. वाटणीवरून भांडलेले दोघे भाऊही हाका ऐकून आले आणि शेजारी शेजारी उभे राहून चिखल पुढं देऊ लागले. कुणी कुणाला हुकूम सोडला नाही. कुणी कुठं उभं राहायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण आपल्या माणसांची जागा त्यांनी शंभरदा ऐकली होती. ती ओळ बघून प्रज्वलाचा ऊर भरून आला. असलं गाव आपलं आहे, याचा तिला जेवढा अभिमान वाटला तेवढा शोधनिबंधाचाही कधी वाटला नव्हता.

"बघत काय राह्यलीस," आत्या म्हणाली. "तुझा बा माझ्या डाव्या हाताला असायचा."

प्रज्वला आत्याच्या डावीकडे उभी राहिली. बारा वाजून वीस मिनिटांनी खेकड्यांची बिळं बुजली, खुंटांमागं पेंढा-चिखल चोपून बसला. भरती आली, काठोकाठ चढली आणि उतरली. बांध राहिला.

कानापर्यंत चिखलानं माखलेले लोक एकमेकांची टर उडवत बसले होते. प्रज्वलानं मोबाइल पुसून बघितला. काटा डावीकडे सत्त्याण्णववर होता आणि खाली शब्द होता, दुःख.

तिला आपली चूक तिथंच कळली. काळकलला भावना ओळखायला शिकवताना तिनं हजारो निरोपांना आपल्या हातानं भावनेचं नाव दिलं होतं. त्यात खांडीच्या आठवणीही होत्या. दहाव्या वर्षी तिला शिकायला शहरातल्या वसतिगृहात ठेवलं होतं. तिथं आंघोळीच्या रांगेत उभी राहून ती हेच निरोप वाचायची आणि घराच्या आठवणीनं रडायची. म्हणून त्या सगळ्यांपुढं तिनं डोळे झाकून दुःख लिहिलं होतं. दुःख तिचं होतं, गावाचं कधीच नव्हतं.

सुनावणीत तिनं काहीही लपवलं नाही. आठ दिवस गावाला काय लिहायला लावलं तेही सांगितलं. मग तीन वर्षांतल्या एकशे सेहेचाळीस आठवणी मांडल्या आणि प्रत्येकीनंतर तासाभरात किती मोबाइल बांधावर पोचले ते दाखवलं. एकदाही वीसच्या खाली नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे मागचं सांगतात ते कामाला बोलवायला. माझ्या यंत्राला हे कळलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं." समितीनं खारवेलीचं नाव यादीतून काढलं. मंडळानं वेशीवरचा फलक उतरवून नवा लावला. त्यात प्रज्वला चिखलात आहे आणि तिच्यासोबत अख्खी ओळ.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती परत शहरात जायला निघाली. आत्या सुकटीची पुडी बांधत होती. बांधता बांधता तिनं सहज विचारलं, "त्या अकरा गावांचे ग्रुप चालू असतील का गो अजून?"

प्रज्वलानं उघडून बघितले. अकराही चालू होते. माणसं दूर डोंगरापलीकडच्या इमारतींत विखुरलेली, आणि काटे सगळे डावीकडे. पहिल्याच ग्रुपवर तासाभरापूर्वीचा निरोप होता. उद्या उधाण. सत्त्याऐंशी साली मारुतीच्या मागं खांड गेली होती. खाली एकतीस जणांनी लिहिलं होतं, निघालो.

तिनं तो आत्याला वाचून दाखवला. आत्यानं पुडीची गाठ आवळली.

"गाव तर नाय ऱ्हायला," ती म्हणाली. "मंग हे निघून जायचे कुठं?"