डोळ्यातला पांढरा ठिपका

"विठामाय, तुमची सून खरंच टँकरवाल्यासोबत पळून गेली का?"

हो, हे मीच विचारलं. तोंडावर. भर गल्लीत.

पैज गंगीने लावली होती. गंगी म्हणजे माझी मैत्रीण गंगम्मा. वर्गात माझ्या डाव्या वेणीचं टोक कात्रीने उडवणारी तीच. "गॅदरिंगपासून लई धीट झालीस ना? मग विचार की म्हातारीला!"

मी विचारलं.

पुढे जे झालं त्यातलं एक अक्षर माझ्या मनाचं नाही. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. चित्र हे इथे माझ्या मांडीवर आहे.

आमचं गाव देवणीपासून आत. यंदा, म्हणजे २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी येतंय. आम्हाला टँकर. तोही आला तर. पारावर पुरुष उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावरून भांडतात आणि बायका रांगेत घागरी ठेवतात.

आणि भामावहिनी. विठामायची सून. एका सकाळी घरातून गेली ती आलीच नाही.

मला वाटलं म्हातारी शिव्या घालेल.

तिने माझा हात धरला.

"पळणारी बाई चप्पल दारात ठेवून जाती का गं पोरी? अन् घरातली कळशी घेऊन?"

गंगी केव्हाच पसार झाली होती.

विठामायने कमरेच्या पिशवीतून भामावहिनीचं मतदान कार्ड काढलं. त्यावर नखाएवढा फोटो. "तू माणसावानी माणूस काढतीस म्हणं. हिला मोठी करून दे. झेरॉक्सवाला म्हणला, नुसता काळा डाग येतो. उदगीरच्या स्टँडवर दाखवीन, लातूरला दाखवीन. सोमवारी व्यंकटी दुसरी सोयरीक बघायला चाललाय. एकदा दुसरी घरात आली की भामीला कोण हुडकतंय?"

व्यंकटी म्हणजे तिचा मुलगा. भामावहिनीचा नवरा.

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? मला लई भारी वाटलं. मोबाईलवर बघून बघून मी शेडिंग शिकलेय. आधी ठरवायचं, उजेड कुठून येतो. मग सावली त्याच्या उलट बाजूला. हलक्या हाताने, थरावर थर. डोळा काळा करताना एक पांढरा ठिपका सोडायचा, त्यानेच डोळा जिवंत होतो. आणि त्या ठिपक्याला उजेडाचा आकार येतो. खिडकीचा उजेड असेल तर ठिपका चौकोनी.

मी डावीकडे खिडकी धरली. दोन्ही डोळ्यांत छोटे छोटे चौकोन सोडले.

भर दुपार होती. आई अंगणवाडीत, बाबा एसटीच्या ड्युटीवर. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

मी गाल रंगवत होते, आणि मागे आवाज आला...

खर्र... खर्र...

मग, टप्प.

दगडावर वाटी खरवडावी तसा. आणि वाटीतलं कळशीत ओतावं तसा.

"आई?"

कोणी नव्हतं. न्हाणी कोरडी. बादली पालथी.

परत येऊन बसले. चित्राकडे बघितलं...

चेहरा बदलला होता.

मी उजव्या गालावर सावली दिली होती. ती तिथे नव्हती. कपाळ पांढरंफटक. डोळ्यांच्या खोबणी काळ्या. नाकाखाली, ओठाखाली, हनुवटीखाली काळं.

म्हणजे उजेड डोक्यावरून पडत होता.

मला वाटलं, माझाच हात चुकला. खोडलं. पुन्हा खिडकी धरून सगळं केलं. घाम पुसायला मान वळवली...

खर्र... खर्र... टप्प.

पुन्हा तेच. उजेड वरून. फक्त वरून.

मी रडायला लागले. तरी सोडलं नाही. विठामाय दारासमोरून दोनदा जाऊन आली होती. आत येत नव्हती, नुसती बघत होती. तिच्यासाठी हा एक कागद म्हणजे सगळं होतं. मी खोडत राहिले. कागद झिजला, पेन्सिल बोटाएवढी झाली, आणि ती बाई काही केल्या खिडकीजवळ येईना.

मग मी तिच्या डोळ्यात बघितलं.

ठिपका चौकोनी नव्हता.

गोल होता.

गोलाच्या कडेला दोन बारीक काळ्या रेघा. एक सरळ, एक कललेली. मध्ये मोडकं चाक.

ते मी ओळखलं. माळावरची मोटेची जुनी विहीर, तळातून वर बघितल्यासारखी. तिचा एक खांब असाच कललेला आहे. मी लहान असल्यापासून ती कोरडी आहे.

भामावहिनी गेली तेव्हा गावाने सगळ्या विहिरी बघितल्या होत्या. पाणी असलेल्या. कोरड्या विहिरीकडे कोण बघणार? पाणी आणायला तिथे कोण जाणार?

पण तळाला ओल सुटली असेल तर? वाटी वाटीने कळशी भरत असेल तर? गर्दी होईल म्हणून वहिनीने कोणाला सांगितलंच नसेल तर?

आणि विहिरीत उतरायचं असेल तर घरातून चप्पल घालून कोण निघतं?

संध्याकाळी आई-बाबा आले. मी सगळं सांगितलं. बाबा हसले. "उन्हानं डोकं फिरलंय तुझं. खांब तुझ्या ध्यानात असंल, तोच हातातून उतरला. म्हातारीला काही बोलू नको, उगं आस लागंल तिला. आन इकडं, फाडून टाकतो."

"हात लावू नका त्याला," आई म्हणाली.

ती आमच्याकडे बघत नव्हती. मान कलती करून न्हाणीकडे कान देऊन उभी होती.

"कोण भांडं खरवडतंय?" तिने विचारलं.

बाबांचं हसू थांबलं.

मी चित्र उजेडाला धरलं. बाबांना खांब दाखवायचे होते. आणि मला दिसलं...

गोलाच्या कडेला अजून काहीतरी होतं. दुपारी नव्हतं. मोहरीएवढं. कोणीतरी वरून विहिरीत वाकून बघतंय.

दोन वेण्या लोंबताहेत.

डावी आखूड.

ते मी काढलेलं नाही. आईची शपथ, मी काढलेलं नाही.

बाहेर विठामाय ओट्यावर बसली होती. "झाली का गं भामी?" तिने आवाज दिला.

मी कागद छातीशी धरला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सकाळी विठामायला घेऊन मी त्या विहिरीवर जाणार. सोमवारच्या आधी. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार. पण तुम्ही दोघं सोबत चला, पाया पडते. या डोळ्यात विहिरीवर वाकलेली मी एकटीच दिसतेय, मला तिथे एकटीला जायचं नाही."