धाकटं चाक

"हवा सोडली तर परत भरता येणार नाही! पंप सरांच्या गाडीत आणि किल्ली सरांच्या खिशात!" शंका कळवळून म्हणाली.

"हळू बोल!" भोपू ओरडला. हळू बोल हेसुद्धा तो ओरडूनच सांगायचा, म्हणून तर त्याचं नाव भोपू पडलं होतं. शंकाचं नाव कशावरून पडलं, ते वेगळं सांगायला नको.

सायकलीच्या धक्के झेलणाऱ्या शॉकवरचं छोटं टोपण काढून टिकली आतल्या सुईकडे बघत होती. ही सुई दाबली की सगळी हवा निघून जाणार. अंदाज बरोबर निघाला तर दादा वाचेल. चुकला, तर दुपारच्या शर्यतीत दादाला सायकलच नसेल, आणि सरांनी त्याला दिलेली शेवटची संधी सख्ख्या बहिणीनंच मातीत घातलेली असेल!

सुट्टीतल्या सायकल शिबिराला सगळे आले तेव्हा दादा नुसता हवेत होता. सरांनी त्याच्यासाठी दुकानातली सगळ्यात दणकट सायकल निवडली होती. चढ चढायचा आणि दगडधोंड्यांच्या उतारावरून उड्या मारत खाली यायचं, अशा शर्यतीची सायकल! तिची दोन्ही चाकं धक्का बसला की जवळजवळ वीतभर वर दबायची. दादा उंचीनं बेताचा, म्हणून सांगाडा सगळ्यात लहान मापाचा घेतला होता.

आणि मग काल सरावाला दादा पडला. मोठ्या कड्यावरून उडी मारली, खाली टेकला आणि टेकता टेकता मागचं चाक अडकलं. चर्रर्र! दादा हँडलवरून थेट दगडांत! पुन्हा प्रयत्न केला तर पुन्हा तेच. खांदा सोलून निघाला, हनुवटीला टाके पडले.

"घाबरून ब्रेक दाबतोस तू!" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "मी कानांनी ऐकलंय टायर घासलेलं. उद्या शर्यतीत पडलास तर संघातून नाव कट. भित्र्या मुलांना मी कड्यावर चढवत नाही."

"सर, मी ब्रेक दाबला नव्हता."

"मग काय भुतानं दाबला?"

सगळे हसले. दादा हसला नाही. आज सकाळी टिकली त्याला बोलवायला खोलीत गेली, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "दाबलाही असेल मी," तो म्हणाला. "घाबरल्यावर माणसाला कळत नाही." दादानं स्वतःवरचा विश्वासच टाकून दिला होता. आणि तरीही तो दुपारी त्या कड्यावरून उडी मारणार होता! या खेपेला नुसत्या हनुवटीवर भागलं नाही तर?

तिनं दोन्ही वेळा दादाची बोटं पाहिली होती. ती हँडलवर घट्ट मिटलेली होती. ब्रेकवर एकही बोट नव्हतं!

म्हणून तिघं सकाळपासून शेडमध्ये सायकलीभोवती घिरट्या घालत होते. सीटच्या खालच्या बाजूला, अगदी मागे, त्यांना एक काळा, चकचकीत डाग सापडला. त्याला जळक्या रबराचा वास येत होता.

"पण सीटला खालून रबर कसं लागेल? चाक तर केवढं लांब आहे!" शंकानं शंका काढली.

"आणि पुढच्या चाकावर पिवळे पट्टे आहेत, मागचं नुसतंच काळं!" भोपू गरजला. "हे बघा, पिवळ्या पट्ट्यांचं चाक भिंतीवर टांगलंय!"

टिकलीनं भिंतीवरचं चाक काढून मागच्या चाकाशेजारी धरून पाहिलं. ते चांगलं दोन बोटं लहान होतं.

"काका, हे चाक इथे कसं?" तिनं मेकॅनिककाकांना विचारलं.

"ते होय! सायकल आली तेव्हा मागे तेच होतं. पुढे थोरलं, मागे धाकटं. सर म्हणाले, कंपनीनं भलतंच बसवलंय, मोठं चाक दगडावरून सहज जातं, दोन्ही मोठी लावा. मी लावली. अंगणात चालवूनही पाहिली. काही घासलं नाही बुवा." एवढं बोलून काका चहा प्यायला निघून गेले.

टिकलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगणात शॉक पूर्ण दबतो कुठे? तो दबतो कड्याखाली! उतारासाठी सीट खाली घातलेली, चाक पार वर आलेलं... मग ते सीटला टेकणारच!

सरांना सांगायला तिघं धावत गेले होते. सर म्हणाले, "चाकं मला शिकवू नका." परत गेले, तर हाकलून दिलं. आता खात्री करायची एकच रीत उरली होती. शॉकमधली हवा काढून सायकल पूर्ण दाबून बघायची.

"टिकले, नक्की ना?" शंकाचा आवाज रडवेला झाला होता.

"नाही, नक्की नाही," टिकली म्हणाली आणि तिनं सुई दाबली.

फुस्सस्स! हवा गेली. तिनं सीट पार खाली घातली. "भोपू, बस!"

भोपू बसला. सायकल मांडी घातल्यासारखी खाली गेली. टिकली जमिनीवर आडवी होऊन बघू लागली. टायर वर वर आलं, पण सीटला टेकलं नाही. बोटभर फट राहिली!

संपलं सगळं.

"काय चाललंय इथे?" दारात सर उभे! मागे दादा आणि काका. खाली बसलेली सायकल पाहून सरांचा चेहरा लालबुंद झाला. "हवा कुणी सोडली?"

"मी," टिकली कशीबशी उठली. दादा तिच्याकडे असा बघत होता, की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता गमवायला उरलं होतं तरी काय! "सर, भोपू हलका आहे. कड्यावरून पडणारं वजन याच्या कितीतरी पट असतं. तुम्ही बसा. एकदाच. नाही टेकलं, तर आम्हाला घरी पाठवा!"

"सर, बसा ना! तुम्ही वजनदार आहात!" भोपू कळकळीनं ओरडला.

सर रागारागानं बसले, कदाचित तिला खोटं पाडायलाच. सायकल आणखी दबली. खाली काहीतरी टेकल्याचा आवाज आला.

"आता पुढे ढकला," टिकली म्हणाली.

सरांनी पायांनी रेटा दिला. चर्रर्र!

मागचं चाक जागीच अडकलं. सरांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. ब्रेकला कुणाचंच बोट लागलेलं नव्हतं.

सर उतरले, वाकले आणि सीटखालच्या डागावर त्यांनी अंगठा फिरवला. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी शंकाच्या हातात दिली. "गाडीतून पंप आण. काका, धाकटं चाक लावा. लवकर!"

चाक बदललं. सर पुन्हा बसले, या वेळी फट राहिली. मग दादाला हेल्मेट, गुडघ्याची कवचं, पाठीवर पाण्याची पिशवी अशा सगळ्या सामानासकट सायकलवर बसवून शॉकमध्ये हवा भरली. दादाच्या नुसत्या वजनानं शॉक एक तृतीयांशाच्या आतच दबायला हवा. सरांनी तीनदा मापून पाहिलं.

"भीती वाटतेय मला," दादा टिकलीच्या कानात म्हणाला आणि वर गेला.

कड्याखाली टिकलीनं डोळे गच्च मिटून घेतले. वरून खडे घरंगळले. मग धप्प! आणि टायरांचा आवाज तसाच, न थांबता, खाली निघून गेला.

दादाचा नंबर आला नाही. चढावर त्याचा खांदा दुखत होता. पण बक्षिसं वाटायच्या आधी सरांनी माइक हातात घेतला. "एक गोष्ट राहिलीय," ते म्हणाले. "या मुलानं ब्रेक दाबला नव्हता. चाक मी बदललं होतं आणि भित्रा मी त्याला म्हणालो. या तीन पोरांनी मला दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. त्यांनी ऐकायला लावलं नसतं, तर आज मी कुठल्या तोंडानं याच्या आईसमोर उभा राहिलो असतो? शाब्बास रे पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोपूनं तर स्वतःसाठीच सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या.

टिकली दादाला शोधत शेडमागे गेली. तो गवतात बसला होता, डोक्यावर हेल्मेट तसंच.

"टिकले, मला खरंच वाटायला लागलं होतं, की मी भित्रा आहे."

"मला नव्हतं वाटलं," ती म्हणाली.

हेल्मेटच्या आतून हुंदका ऐकू आला. शाबासकी द्यायला मंडळी इकडेच येत होती. टिकली पटकन उठली आणि दादा कुणाला दिसू नये म्हणून त्याच्यापुढे उभी राहिली.