तीन फुंका आणि दम

९ जानेवारी २०२४, मंगळवार. सूर्यमाळकडून धुकं उतरलेलं, पारा नऊवर. सकाळी सात वाजता फागू खोडाळ्याजवळच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराचा बॉयलर पेटवायला आला, रोजच्यासारखा.

थंडीत भट्टीचं तेल काकवीसारखं घट्ट होतं. तापवून पातळ केल्याशिवाय त्याचा फवारा बारीक पडत नाही, अर्धं तेल धूर होऊन जातं. फागूनं तेल तापवलं, काटा पाहिला, बटण दाबलं. ठिणगी पडण्याआधी चाळीस सेकंद पंखा नुसती हवा मारतो. भट्टीत साचलेली तेलाची वाफ धुराड्यातून निघून जावी म्हणून. ती राहिली तर भडका उलटा अंगावर येतो.

या पंख्याला त्याची बायको कोंडी 'माझ्या फुंकणीचा थोरला भाऊ' म्हणायची. बॉयलर यायच्या आधी अकरा वर्षं तिनं इथंच लाकडावर भात शिजवला. तीन फुंका, मग दम, मग खोकला. "आधी धूर भाहेर काढ, मंग जाळ कर," असं फागूला बजावायची. गेल्या भादव्यात त्या खोकल्यानंच ती गेली.

पंखा एकसुरी घुमू लागला. मग सूर तुटला. फू... फू... फू... दम.

फागूनं पंखा बंद केला. पातं थांबलेलं जाळीतून दिसलं. आतलं फुंकणं थांबलं नाही.

त्यानं मुख्य खटका खाली ओढला. तेलाचा नळ आवळला. फू... फू... फू... आणि तो बारीक खोकला. तेलाच्या वासात ओल्या लाकडाच्या धुराचा वास मिसळला.

"कोंडे...?"

हात भट्टीच्या दाराच्या कडीवर गेला. दार उघडलं की हे थांबणार, एवढं त्याला कळत होतं. त्यानं उघडलं नाही. गार पत्र्याला कपाळ टेकवून तो उभा राहिला.

"फागूदादा, तुझा राक्षस झोपला का काय?" स्वयंपाकीण सुनिता स्वयंपाकघरातून ओरडली. "पोरां थाळ्या वाजवतात!"

"जरा थांब ना..."

"मी थांबन रे. भूक थांबल का?"

दाराआड पुन्हा तीन फुंका. या वेळी दम लांबला. पूर्वी खोकला अनावर झाला की लांबायचा, तसाच.

"बस कर आता... दमलीस," तो हलकेच म्हणाला आणि त्यानं कडी काढली.

आवाज थांबला.

भट्टीच्या तळाशी तेलाचं डबकं होतं, चार बोटं खोल. तेलाची झडप रात्रभर गळली होती. ठिणगी पडली असती तर भडका त्याच्याच अंगावर आला असता.

तेल उपसलं, झडप बदलली. नऊ वाजून दहा मिनिटांनी बॉयलर पेटला. ज्योत स्वच्छ, धूर नाही. पोरांना जेवण दोन तास उशिरा मिळालं. पेटवण्याआधी दार लावताना फागूला दिसलं होतं: दाराच्या आतल्या बाजूला, त्यानं कपाळ टेकवलं होतं त्याच्या चार बोटं खाली, लाकडाच्या राखेचा, फुंकणीच्या तोंडाएवढा एक गोल ठसा होता.