चौथा सेल जरा लंगडा

श्रावणातली भुरभुर चालू होती आणि वच्छलाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. बॅटरीचं तेच एक बूच तिनं तिसऱ्यांदा पुसलं. औरंगपुऱ्यातल्या बापाच्या बॅटरीच्या दुकानात बसायचा हा तिचा शेवटचा दिवस. पाय मोडून घरी पडलेले तिचे बापू, कडूबा, उद्यापासून स्वतः गल्ल्यावर बसणार होते. म्हणजे खुलताबादचा रामकिसन पुढच्या गुरुवारी आला, तर त्याला दिसणार कोण? कडूबा आणि त्यांच्या मिशा.

उन्हाळ्यात त्याची जीप नेमकी दुकानापुढंच बंद पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. तेव्हा बॅटरी खरंच बसली होती. वच्छलानं ती चार्ज केली, तपासली, चांगली निघाली. पण तो मान तिरपी करून असा काही हसला, की हिच्या तोंडून निघूनच गेलं — "चौथा सेल जरा लंगडा वाटतोय. गुरुवारी दाखवून जा."

गुरुवारामागून गुरुवार तो येत राहिला आणि सेल बिचारा लंगडाच राहिला. आता खोटं बोलायला पुढचा गुरुवार उरला नव्हता. खरं सांगावं, तर तो बॅटरी उचलून निघून जाईल... मग?

"आज लई गप गप?" रामकिसननं खांद्यावरची बॅटरी बाकावर ठेवली, शेजारी पेरूंची पिशवी. केसांतून पाणी निथळत होतं.

"बॅटरीचं बोला."

"सकाळी गाडी उठतच नाय."

वच्छलानं बुचं काढली. काचेच्या नळीत एकेका सेलमधलं अॅसिड ओढून बघितलं. एरवी चौथ्या सेलच्या वेळी ती त्याच्याकडं पाठ फिरवायची. आज तिनं नळी सरळ त्याच्यापुढं धरली.

"आतला फ्लोट कसा वर तरंगतोय बघा. सहाही सेल ठणठणीत हायेत. मी चार्ज केली तेव्हापासनं." तिनं नळी खाली ठेवली. "मी खोटं बोलले."

रामकिसननं पिशवीतला एक पेरू हातात घेतला. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला.

"आणि तुम्ही हो? जीप कुठं लावता गावात?"

"घरापुढं. उतारावर."

"मग बॅटरी बसली तरी ढकलली की सुरू होती नं?"

"व्हय... होती की."

"मग ही इथवर कशाला आणता?"

रामकिसन हातातला पेरू उगाच फिरवत राहिला.

"तपासताना तुम्ही ओठ चावता... ते बघायला."

वच्छलानं चावलेला ओठ पटकन सोडला. कानापर्यंत लाल झाली ती.

"उद्यापासनं बापू बसणार इथं," ती कशीबशी म्हणाली.

"मग उद्याच येतो."

"बॅटरी घेऊन?"

"मामाला घेऊन. मागणी घालायला थोरलं माणूस लागतं."

ती हसली, लगेच घाबरली. "आणि सकाळी गाडी उठली नाय तर?"

रामकिसननं बॅटरी खांद्यावर घेतली.

"उठंल की. सहाही सेल ठणठणीत हायेत म्हणता नं?"