डाव्या वळणाची गोगलगाय

"एकच प्रजाती. वेगळेपण शून्य," पारखी म्हणाला आणि त्याने गोगलगाय पुन्हा कातळावर ठेवली, इतकी अलगद, की जणू हा निकाल तिच्या कानी पडू नये.

शाल्मलीला ते पटले नाही. पारखी हे सहा पायांचे सर्वेक्षक यंत्र होते. गवताच्या एका पात्यावरून ते गवताचे कूळ सांगे. डबक्यातून उमटलेल्या एका हाकेवरून बेडूक ओळखे. मग दोन गोगलगायींमधला ढळढळीत फरक त्याला का दिसू नये?

कोंडसरच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) श्रावण पसरला होता. जांभ्या दगडाच्या खळग्यांत पाणी थरथरत होते आणि त्याच्या काठाने सीतेची आसवे ही इवली रानफुले निळी होऊन उभी होती. त्यांच्यामधून पिवळ्या रंगाच्या रेघा गेल्या होत्या. त्या रेघांवर सुरुंग लागणार होते, कारण इथे मालवाहू यानांचा तळ व्हायचा होता. नियम एवढाच होता, की जगात दुसरीकडे कुठेही नसलेला एकही जीव सड्यावर सापडला नाही, तर काम सुरू करावे. पारखीचा निकाल सूर्यास्ताला जाणार होता.

"हे तिसरं यंत्र," आत्याआजी म्हणाली. डॉ. विनता बाणे, शाल्मलीच्या आजोबांची बहीण, जन्मभर गोगलगायींमागे रानोमाळ फिरलेली. "तिसऱ्यांदा तेच उत्तर आणि तिसऱ्यांदा ते चूक. बाय, या दोघींना नीट धर. शंखाचं टोक वर, तोंड तुझ्याकडे."

शाल्मलीने दोन्ही तळहात पुढे केले. एकावर दरीतली गोगलगाय होती, दुसऱ्यावर सड्यावरची. दोघींचा रंग एक, आकार एक, अंगावरचे पट्टेही तेच. पण दरीतलीच्या शंखाचे तोंड उजवीकडे उघडत होते आणि सड्यावरचीचे डावीकडे.

"उजव्या वळणाच्या प्रजातीत एखादा जीव क्वचित डावा जन्मतो," पारखी म्हणाला.

"क्वचित जन्मतो, खरं आहे," आत्याआजी ताडकन म्हणाली. "मग या सड्यावर एक उजवी शोधून दाखव. एकच. मी आजच्या आज घरी जाऊन झोपते."

"माझ्या नजरेत डावे आणि उजवे असा भेद नाही."

तेवढ्यात पारखीच्या छातीवरचा पडदा उजळला. त्यात तळ बांधणाऱ्या मंडळाचे अधिकारी मालपेकर दिसू लागले. "अहो बाई, अजून तिथेच? गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते तुमच्याकडे बघून पटतं हो. वरून शांत, आणि आतून आमचं काम अडवताय."

"शांत? मी?" आत्याआजी हसली. "आणि गोगलगायीचा पाय पोटाशीच असतो, मालपेकर. ती पोटाच्या स्नायूंनी सरकते. त्यात लबाडी नाही, शरीररचना आहे. लबाडी शोधायची तर जरा उंच जागी शोधा."

शाल्मलीला मात्र पारखीचे वाक्य बोचत राहिले होते. डावे आणि उजवे असा भेद नाही? दरीतली गोगलगाय डबीत आणि सड्यावरची कातळावर ठेवून ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"पारखोबा, उजव्या सोंडेचा गणपती आणि डाव्या सोंडेचा गणपती, तुझ्या लेखी दोन्ही सारखेच?"

"पूर्णतः सारखेच."

"आमच्या गावात हे बोलू नकोस हं, नैवेद्य मिळणार नाही. तुला शिकवलं तरी कसं?"

"लक्षावधी छायाचित्रांवरून. प्रत्येक छायाचित्र मला दोनदा दाखवले गेले. एकदा आहे तसे आणि एकदा आरशात दिसेल तसे. डावीकडे चाललेला वाघ आणि उजवीकडे चाललेला वाघ, दोन्ही वाघच असतात, हे मला कळावे म्हणून."

शाल्मली उभी राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी लखलखले. "आत्याआजी, वाघ आरशात वाघच राहतो. पण उजवी गोगलगाय आरशात डावी होते! याला तेव्हापासून शिकवलंय की त्या दोघी एकच. तो आंधळा नाहीये, त्याला न बघायला शिकवलंय."

आत्याआजीने आपला उजवा हात पुढे केला. "मिळव हात. उजवाच."

हातात हात नीट बसला.

"आता डावा दे."

शाल्मलीचा डावा हात आत्याआजीच्या उजव्या हातात नीट बसेना. अंगठे भलतीकडेच जात राहिले.

"गोगलगायींचंही असंच होतं. शंख डावीकडे वळला की आतली इंद्रियंही दुसऱ्या अंगाला जातात. मग उजवीशी जोडी जुळणं फार अवघड. प्रजाती म्हणजे काय? आपसात संतती वाढवत राहणाऱ्या जीवांचा गट. नुसतं वळण वेगळं म्हणून प्रजाती वेगळी, असं मी कधीच म्हणणार नाही. तो फक्त पहिला पुरावा. मी या दोघींना कित्येक पावसाळे एका काचपेटीत ठेवलं. जोडी एकदाही जमली नाही. मग त्यांचा डीएनए (पेशीत जपलेला वारशाचा आराखडा) ताडून पाहिला. त्या फार पूर्वीच एकमेकींपासून दुरावल्या आहेत. तीन पुरावे, तिघांचं बोट एकाच दिशेला."

"हे आपण मंडळाला कळवले होते," पारखी म्हणाला.

"कळवलं होतं. मंडळाने ते तपासायला कुणाकडे दिलं?"

पारखीचे सहाही पाय निश्चल झाले.

"माझ्याकडे."

वारा गवतावरून गेला. खळग्यातले आभाळ विस्कटले आणि पुन्हा जुळून आले.

"मला हा भेद दिसू शकत नाही," पारखी सावकाश म्हणाला. "सूर्य मावळतो आहे. मी काय कळवू?"

"तेच कळव," शाल्मली म्हणाली. "‘इथे काही नाही’ आणि ‘मला काही दिसत नाही’, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. तुझं उत्तर दुसरं आहे."

"तसे कळवल्यास माणसांतील तज्ज्ञांनी पाहणी करेपर्यंत काम थांबते. असा नियम आहे. तो आजवर कोणी वापरलेला नाही."

"पारखी, निकाल फिरवायचा नाही!" पडद्यातून मालपेकर ओरडले.

"निकाल झालाच नव्हता, साहेब. मी आरशात पाहत होतो." पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका लुकलुकला. उत्तर गेले होते.

"मी उद्या दुसरं यंत्र पाठवतो!"

"पाठवा," शाल्मली पडद्यासमोर ताठ उभी राहिली. "त्यालाही गणपतीच विचारीन."

पडदा काळा झाला. शाल्मली हसली, पण आत्याआजी हसली नाही. तिची नजर दूरच्या, माथा कापलेल्या डोंगरावर खिळली होती. "पारखी, तो डोंगर कुणी तपासला होता?"

"माझ्यासारख्यांनीच. तो आणि इतर अनेक."

"तिथे काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही," आत्याआजी म्हणाली. "ज्याला ओळखलंच नाही, त्याचं जाणंही कळत नाही. म्हणून तर आधी ओळखायचं, बाय. वर्गीकरण म्हणजे जिवांना खणात कोंबणं नव्हे. ‘तू कोण?’ असं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही."

"जे डोंगर अजून उभे आहेत, तिथे परत जायचं," शाल्मली म्हणाली. "याला डावं-उजवं शिकवू, आणि बरोबर घेऊन जाऊ."

"मी तयार आहे," पारखी म्हणाला. "कृपया मला दोन्ही गणपती दाखवावेत."

"आणि हिचं नाव काय ठेवायचं?" शाल्मलीने गोगलगायीकडे बघत आत्याआजीला विचारले.

"तज्ज्ञ येतील, वाद घालतील, तपासतील. नाव त्यानंतर. तिला घाई नाही."

घाई तिला नव्हतीच. कातळावर ठेवलेली ती डाव्या वळणाची गोगलगाय सुरुंगाच्या पिवळ्या रेघेपाशी पोचली होती. तिने शिंगे बाहेर काढली, रंग चाचपला आणि ती रेघेवर चढली. मावळतीच्या उजेडात, पिवळ्या रंगाला आडवी छेदत, तिची ओली रुपेरी रेघ पलीकडे निघाली.